जपानी म्हणायची, पण आरटीओत नाही

गाडी कुठली, हे कळव्यात कोण विचारतंय त्यावर ठरतं. लग्नाच्या हॉलबाहेर व्याह्यांनी विचारलं तर ती जपानी असते. गॅरेजवाल्यानं विचारलं तर एकदम लोकल होते, कारण जपानी म्हटलं की मजुरी वाढते. विमावाल्यापुढे ती कधी कोवळी असते, कधी जराजर्जर. विषय क्लेमचा आहे की हप्त्याचा, ते बघून. आणि आरटीओच्या खिडकीशी उभं राहिलं की तिच्याइतकी स्वदेशी वस्तू खादी भांडारातही सापडायची नाही.

हे सगळं मी ज्या गाडीवरून शिकलो ती माझी नाही. आमच्या खारेगावच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांची ती टोयोटा क्वालिस. ऑक्टोबर २००० मध्ये घेतलेली आणि अजून चालती. त्या काळात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत व्हीआरएसची लाट आली होती. एकरकमी पैसा हातात पडलेल्यांपैकी कुणी गावाला घर बांधलं, कुणी एसटीडी-पीसीओचा बूथ टाकला आणि मोबाइलनं त्याचं काय केलं ते बूथच्याच स्टुलावर बसून पाहिलं. काकांनी क्वालिस घेतली.

"घरात माणसं चार, नि गाडी दहाजणांची कशाला?" काकूंनी विचारलं होतं.

"गाडी आली की उरलेले सहा आपणहून येतात," काका म्हणाले. काकांचा याहून अचूक अंदाज आजवर ऐकिवात नाही.

क्वालिस ही टोयोटा किर्लोस्करची पहिली गाडी. जानेवारी २००० मध्ये आली. इंडोनेशियात ती 'किजांग' या नावानं आधीपासून धावत होती. इथे तोंडाला थोडी रंगरंगोटी करून नवं नाव दिलं. बनायची बंगळुरूजवळच्या बिडदीला आणि भागीदार किर्लोस्कर. म्हणजे घराणं जपानी, उमेदवारी इंडोनेशियात, पाणी कानडी आणि आडनाव मराठी. या चौघांपैकी जो उपयोगी पडेल त्याला काका पुढे करतात. किर्लोस्करांचा विषय निघाला की ते थेट बेळगावातल्या लक्ष्मणरावांच्या सायकलच्या दुकानापासून सुरुवात करतात, लोखंडी नांगरावरून १९१० च्या किर्लोस्करवाडीत येतात आणि शेवटी म्हणतात, "ज्या घरच्या नांगरानं माझ्या आजोबांनी जमीन कसली, त्या घरच्या गाडीत मी बसतो." काकांचे आजोबा परळला गिरणीत होते. ते काकू दरवेळी सांगतात आणि काका दरवेळी ऐकत नाहीत.

टोयोटा किर्लोस्करमध्ये आज किर्लोस्करांचा वाटा अकरा टक्के आहे, असं कुणीतरी एकदा कट्ट्यावर सांगितलं. मग गाडीचा नेमका कोणता अकरा टक्के भाग मराठी, यावर आख्खी संध्याकाळ गेली. बहुमत हॉर्नच्या बाजूनं पडलं. काकूंचं मत ब्रेकना होतं: लागतात, पण आधी दोनदा सांगावं लागतं.

पाच वर्षांत इनोव्हा आली आणि क्वालिस बंद झाली. खपत होती, रांगा होत्या, तरी बंद केली. याचं दुःख काकांना झालं नाही, अभिमानच झाला. "गावसकर बघ. शेवटची कसोटी बंगळुरूला, १९८७ साली. शहाण्णव काढले आणि थांबला. ही पण बंगळुरूलाच थांबली. फॉर्मात असताना." गावसकर थांबल्यावर त्याचे सुटे भाग शोधत कुणाला कुर्ल्याला जावं लागलं नाही, हा फरक मी बोलून दाखवला नाही.

माणसं वाहण्याच्या कामात मात्र या गाडीला तोड नव्हती. काकांची गाडी ज्या प्रकारची आहे, तीत मागे समोरासमोर दोन आडवी बाकं असतात. कागदावर दहा माणसं. गणपतीला कोकणात जाताना ही दहाची मर्यादा पनवेलपर्यंत पाळली जायची. तिथे कुणाचा तरी साडू वाट बघत उभा असायचा. पेण, वडखळ, महाड, पोलादपूर करत कशेडी घाटापर्यंत गाडीचं वडाप झालेलं असे. मागच्या बाकावर बसलेल्यांचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांत अडकत. त्या बाकांवर एक सोयरीक जुळल्याचंही सांगतात, पण दोन्ही घरची मंडळी हल्ली ते नाकारतात. मागे कमानपाटे असल्यामुळे गाडीनं कधी तक्रार केली नाही. तक्रार पाट्यांनी केली. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. काकांचे पाटे बदलून झाले, पाट्यांचे बुश बदलून झाले, शॉकअप तर किती गेले. रस्त्याचं काम चालू आहे.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण काकांचं निम्मं निवृत्त आयुष्य तिथे गेलं आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एसी असतो, कॉफी असते आणि शर्टाला टाय लावलेला मुलगा असतो. त्या मुलाचा जन्म क्वालिसनंतरचा. त्यानं संगणकात गाडीचा नंबर घातला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि आदरानं विचारलं, "सर, ही अजून आहे?" त्या दिवसापासून काका पारसिकच्या डोंगराखालच्या मिस्त्रीकडे जातात.

मिस्त्री गाडी बघत नाही, ऐकतो. बॉनेट उघडायच्या आधी तो काकांना म्हणतो, "गाडी नाक्यावरून फिरवून आणा." काका कळवा नाक्यापर्यंत जाऊन वाहतूक कोंडीत अडकतात आणि अर्ध्या तासानं परत येतात. तोवर मिस्त्रीचा चहा होतो, निदानही होतं. "पुढच्या डाव्या अंगाला लोअर आर्मचा बॉल जॉइंट गेलाय. आणि काका, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता." दुसरं वाक्य तो काकूंच्या देखत बोलतो, म्हणून काका चिडतात.

मग सुट्या भागांचा प्रश्न. मिस्त्रीच्या दुनियेत वस्तू चार जातींच्या असतात. पहिला 'कंपनीचा' : टोयोटाच्या खोक्यातला, महाग, आणि आठ दिवसांनी येणारा. दुसरा 'कंपनीला देतो त्याचाच' : म्हणजे जो कारखाना टोयोटाला माल पुरवतो त्याचाच, फक्त खोकं वेगळं. हे वाक्य ऐकल्यावर जगात टोयोटाला माल पुरवणारे किती कारखाने असतील याचा अंदाज येतो, कारण कळव्यात विकला जाणारा प्रत्येक बुश त्यांच्यापैकीच कुणाचा तरी असतो. तिसरा 'लोकल', त्याच्याबद्दल मिस्त्री काही बोलत नाही, फक्त किंमत सांगतो. आणि चौथा 'काढीव'. काढीव म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एखाद्या निवर्तलेल्या क्वालिसमधून काढलेला. काकांचा जीव काढीव मालावर. लोकल नव्या मालापेक्षा जपानी जुना बरा, असं त्यांचं मत. पण ते चौकशी केल्याशिवाय घेत नाहीत.

"ही गाडी कुठली होती?"

"नाशिकची, काका. डॉक्टरची."

"अपघात?"

"नाय नाय. म्हातारपणानं गेली."

मग काका समाधानानं पैसे देतात. डॉक्टरची गाडी म्हणजे सांभाळलेली असणार. कुर्ल्यातल्या यच्चयावत भंगार गाड्या डॉक्टरांच्याच का असतात, हा प्रश्न त्यांना पडत नाही. पडला तरी पंचवीस वर्षांच्या गाडीच्या मालकाला काही श्रद्धा बाळगाव्या लागतात.

एका गोष्टीत मात्र मिस्त्री जुगाड करत नाही. क्वालिसच्या २,४४६ सीसीच्या डिझेल इंजिनाला साखळीऐवजी टायमिंग बेल्ट आहे, रबराचा. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा, तुटायची वाट बघायची नाही, कारण तो तुटला की वॉल्व्हची नि पिस्टनची चुकामूक व्हायची थांबते आणि गाठ पडते. बेल्टचा विषय निघाला की एरवी तारेनं सायलेन्सर बांधणारा हा माणूस गंभीर होऊन म्हणतो, "याला ओरिजिनलच." काकांनी एकदा विचारलं, "काढीव चालेल?" मिस्त्रीनं पाना खाली ठेवला आणि त्या दिवशी गाडीला हात लावला नाही.

इतक्या वर्षांत दारं झाली, बंपर झाले, रेडिएटर, अल्टरनेटर, डिझेल पंप, सीट झाल्या. मूळचं म्हणून जे खात्रीनं उरलंय त्यात डॅशबोर्डवरचं घड्याळ आहे. ते बंद आहे. बाकी सगळं चालतं, कारण ते मूळचं नाही.

विम्याची गोष्ट निराळी आहे. तिथे सगळं कागदावर असतं आणि कागदाचा विनोद मिस्त्रीच्या विनोदापेक्षा वरच्या दर्जाचा असतो. पहिली गंमत आयडीव्हीची, म्हणजे गाडी गेलीच तर कंपनी किती देणार तो आकडा. नव्या गाडीचा हा आकडा ठरलेल्या पायऱ्यांनी उतरतो : पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्ष भरेपर्यंत पंधरा, पाचव्या वर्षाअखेर निम्मा. त्यापुढे मात्र कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीनं ठरवायचा. परस्परसंमती! काका आणि विमा एजंट यांच्यात ती दरवर्षी ऑक्टोबरात आमच्या व्हरांड्यात घडवून आणली जाते. बाजारात घासाघीस करताना एकाला किंमत वर हवी असते, दुसऱ्याला खाली. इथे एकट्या काकांनाच दोन्ही हवं असतं. गाडीची किंमत वर, कारण ती जपानी. हप्ता खाली, कारण ती जुनी. एजंट बिचारा घाम पुसत सांगतो की एक वर गेला की दुसरा वर जाणारच. "मग तू कशाला आहेस?" काका विचारतात.

दुसरी गंमत घसाऱ्याची. अपघात झाला, पत्रा बदलला, तर कंपनी सगळे पैसे देत नाही; वयाप्रमाणे कापते. गाडी दहा वर्षांपुढची असेल तर लोखंडी भागाचे निम्मे. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचे पहिल्या दिवसापासूनच निम्मे. म्हणजे विम्याच्या लेखी रबर जन्मतःच प्रौढ असतं. फायबरचे तीस टक्के जातात. आणि काच? काचेला घसारा शून्य. विम्याच्या दुनियेत काच तेवढी म्हातारी होत नाही. हे कळल्यापासून काकांचं काचेवर प्रेम बसलं. पुढची काच ते स्वतः पुसतात. तिला काही झालं तर पूर्ण पैसे मिळतील आणि म्हणूनच तिला काही होत नाही, याची बोच त्यांना आहे.

तिसरी, आणि माझ्या मते थोर गंमत, नो क्लेम बोनसची. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या हप्त्यात वीस टक्के सूट, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाच वर्षं गप्प राहिलात तर पन्नास. एक क्लेम केला की शून्यावर. पन्नास टक्क्यांवर पोचलेल्या माणसाची अवस्था एकादशीच्या रात्री साडेअकराला कुणी समोर भजी ठेवावीत तशी होते. रिक्षानं दरवाजा खरवडला, काका स्वखर्चानं रंगवतात. टेम्पोनं टेललाइट फोडला, काका कुर्ल्याहून काढीव आणतात. बोनस वाचतो. बोनस वाचवण्यासाठी होणारा खर्च बोनसपेक्षा जास्त आहे हे काकूंनी वहीत मांडून दाखवलं. काकांनी वही बाजूला सारली. "बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. उद्या गाडी बदलली तरी तो माझ्याबरोबर येतो." माणसाच्या पाठीमागून काय येतं यावर आपल्या संतांनी पुष्कळ लिहून ठेवलंय, पण त्यांना विम्याची कल्पना नव्हती.

शेवटी बऱ्याच कंपन्या इतक्या जुन्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण द्यायला का-कू करू लागतात आणि उरतो तो थर्ड पार्टी विमा. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा. दीड हजार सीसीवरच्या खाजगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. हा तिसरा पक्ष म्हणजे पहिला मालक आणि दुसरी कंपनी सोडून उरलेलं सगळं जग. कळवा नाक्यावर संध्याकाळी सात वाजता हे उरलेलं सगळं जग गाडीला चारी बाजूंनी टेकलेलं असतं, त्यामुळे रक्कम जास्त आहे असं मला वाटत नाही.

पाण्याचं सांगायला हवं, कारण पाण्याशिवाय कळव्यातल्या गाडीचं चरित्र पूर्ण होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि आमच्याकडे कुणी मोजला नाही एवढंच. क्वालिस आवारात उभी होती, पाणी बाकांपर्यंत चढलं. काकांनी चावी खिशातून काढली नाही आणि तिथेच इंजिन वाचलं. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशात स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि वाकलेला रॉड विमावाले पुराच्या खात्यात धरत नाहीत, तो तुम्ही मागाहून केलेला पराक्रम. त्यासाठी हल्ली 'इंजिन प्रोटेक्ट' नावाची वेगळी पुरवणी विकतात. पाणी ओसरल्यावर सोसायटीतल्या दहाबारा जणांनी ती गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. माणसं वाहणारी गाडी माणसांनी वाहिली, आणि तेव्हाही मर्यादेपेक्षा दोन जास्तच होती.

पुढे एका पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली काकांच्या पुढची एक चकचकीत गाडी पाण्यात बंद पडली. तिचा मालक पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत होता. काका स्वतःची गाडी मागे सोडून गुडघाभर पाण्यातून गेले आणि खिडकीवर टकटक करून त्या अनोळखी गृहस्थाला ओरडले, "पुरवणी घेतलीय का?" त्या माणसाला वाटलं काका परीक्षेबद्दल बोलतायत. तरी त्यानं घाबरून चावी बंद केली.

२००५ च्या पुराच्या क्लेमसाठी जो सर्व्हेअर आला होता, तो कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, त्याचा फॉर्म मात्र मी पाहिला आहे. 'घटनेच्या वेळी वाहनाचा वेग' या रकान्यात काकांनी 'शून्य' लिहिलं. 'समोरच्या वाहनाचा क्रमांक' या रकान्यात 'पाऊस' लिहिलं. पैसे मिळाले, घसारा कापून. त्यात गालिचे झाले, सीटचा फोम मात्र निम्म्या वासासकट तसाच राहिला. आजही श्रावणात गाडीचं दार उघडलं की जुलै येतो.

काकांचा भाचा तोक्योत राहतो, एदोगावा भागात. तिथे आपली इतकी माणसं आहेत की २०१९ मध्ये अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक तिथल्या वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आले. तर हा भाचा सुट्टीत आला, क्वालिसला चक्कर मारली आणि म्हणाला, "मामा, जपानमध्ये एवढी जुनी टोयोटा मी पाहिली नाही." तिकडे नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी 'शाकेन' नावाची तपासणी असते. ती इतकी कडक आणि खर्चिक की लोक गाडी देऊन टाकतात आणि ती बोटीत बसून आफ्रिकेला किंवा न्यूझीलंडला जाते. शिवाय गाडी घेण्याआधी ती ठेवायला स्वतःची जागा आहे असा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. हे ऐकून काका बराच वेळ गप्प झाले. आमच्या सोसायटीत गाड्या एकेचाळीस आणि चौकोन बावीस. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी अशाच दाखल्याची कल्पना जाहीरपणे मांडली, तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी त्या रात्री जेवण केलं नाही.

भाच्याला वाटलं, मामांना तिकडची एखादी वापरलेली अल्फार्ड पाठवावी. सरकत्या दरवाजांची, आत आरामखुर्च्या. मग नियम निघाले. परदेशातली जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, ती मुंबई बंदरातूनच उतरायला हवी, आणि त्यावरचं सीमाशुल्क गाडीपेक्षा मोठं. थोडक्यात, गाडी विकत घ्यायची आणि एक गाडी सरकारलाही घेऊन द्यायची. काकांनी भाच्याला सांगितलं, "त्यापेक्षा एक टायमिंग बेल्ट पाठव."

अल्फार्डची बहीण व्हेलफायर मात्र आपल्याकडे अधिकृतपणे, जपानातून तयार होऊन येते. २०२० साली साडेएकोणऐंशी लाखांना आली, २०२३ ची नवी एक कोटी वीस लाखांच्या घरात. तशी एक परवा कळव्याच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या तोंडाशी आमच्या शेजारी थांबली. (हा पूल २०२२ मध्ये झाला. पुलावर आता कोंडी नसते; ती पुलाच्या आधी संपते आणि उतरल्यावर सुरू होते.) मालक मागच्या पडद्यामागे होते. काकांनी काच खाली करून ड्रायव्हरला विचारलं, "अॅव्हरेज?"

"माहीत नाही काका. मालक विचारत नाहीत."

"मागे पाटे आहेत की स्प्रिंग?"

"ते पण विचारत नाहीत."

सिग्नल सुटल्यावर काका हळहळले. गाडीबद्दल काही विचारावंच लागत नसेल तर ती घेऊन करायचं काय, हे त्यांना खरोखरच कळेना.

आणि मग ऑक्टोबर २०२५ आला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. क्वालिसचं २०१५ ला झालं, २०२० ला झालं. पूर्वी सहाशे रुपयांत होणारं हे काम एप्रिल २०२२ पासून पाच हजारांवर गेलं होतं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वीस वर्षांपुढच्या मोटारींना दहा हजार केलं. वर पर्यावरण कर, पीयूसी, नव्या नंबर प्लेटा. काका हे सगळं सोसायला तयार होते. पण त्याच तक्त्यात खाली एक ओळ होती : इंपोर्टेड चारचाकी, ऐंशी हजार.

त्या ओळीनं काकांची झोप उडाली. पंचवीस वर्षं ज्या माणसानं प्रत्येक मांडवात, प्रत्येक टोलनाक्यावर, प्रत्येक पेट्रोलपंपावर "जपानी आहे" असं सांगितलं, त्याला आता वाटायला लागलं की कुणीतरी ऐकलं असणार. त्यांनी मागच्या काचेवरचं 'मेड बाय जपान' असं हौसेनं लावलेलं स्टिकर नखानं खरवडलं. त्याजागी गणपती आला. डॅशबोर्डवरची चिनी मांजरी, जी काका जपानी समजत, ती काकूंच्या पर्समध्ये गेली. आरसीबुक, जुनं बिल, बिडदीच्या कारखान्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण, सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. कशाचा साक्षीदार, ते काकांनाही माहीत नव्हतं.

निरीक्षक तरुण होते. त्यांनी चासी नंबर पाहिला, दिवे पाहिले, हॉर्न वाजवायला सांगितला. मराठी अकरा टक्के उत्तम वाजले. मग ते मागे सरकून कौतुकानं म्हणाले, "टोयोटा ना ही? जुनी जपानी गाडी म्हणजे..."

"छे छे साहेब!" काका मध्येच म्हणाले. "किर्लोस्कर. नांगरवाले."

"पण इंजिन तर..."

"इंजिन कुर्ल्याचं. दारं मुंब्र्याची. बाकी काय आहे त्यात? जपानचं म्हणाल तर फक्त घड्याळ, आणि ते बंद आहे साहेब. बघा हवं तर."

निरीक्षकांना ऐंशी हजारांचा विचारही शिवला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बिडदीत बनलेल्या गाडीला ते लागणारच नव्हते. पण काका थांबायला तयार नव्हते. गाडीचा एकेक अवयव हात लावून ते भारतमातेला अर्पण करत होते. शेवटी निरीक्षक म्हणाले, "काका, दहा हजार भरा आणि जा." गाडीला २०३० पर्यंतचं आयुष्य मिळालं.

बाहेर चहाच्या टपरीवर एकानं क्वालिसला टेकत विचारलं, "अजून चालते ही?" मी काकांकडे पाहिलं. त्यांनी आधी आरटीओचं फाटक किती लांब आहे ते बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "जपानी आहे."

गाडीचं झालं, आता काकांचं. त्यांचा स्वतःचा परवाना संपत आलाय. नूतनीकरणाला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो, आणि डॉक्टरांनी डोळ्यांवर बोट ठेवलं : मोतीबिंदू, आधी तो काढा. ठाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं दरपत्रक पुढे सरकवलं आणि गोड आवाजात विचारलं, "आजोबा, लेन्स कुठली टाकायची? इंडियन की इंपोर्टेड?"

काकांनी चष्मा वर केला, दरपत्रकाची मागची बाजूही उलटून पाहिली आणि विचारलं, "इंपोर्टेडला दर पाच वर्षांनी किती भरावे लागतात?"